गोधडीचा काठ : वाचकांच्या पत्रांना उत्तरे

मागील अंकात गोधडीच्या धावदोऱ्याविषयी लिहिले, तेव्हा पत्रे टाक्यांविषयी येतील अशी माझी समजूत होती; प्रत्यक्षात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत काठाचीच तक्रार आहे. गोधडी पोटात फाटण्याच्या कितीतरी आधी कडेला फाटते, आणि तरीही शिवताना सर्वांत कमी विचार कडेचाच होतो, कारण तोवर महिना-दीड महिन्याचे काम हातावेगळे झालेले असते आणि जीव उताविळा झालेला असतो. म्हणून या वेळी सगळी पत्रे काठाविषयीचीच घेतली आहेत.

प्रश्न : आजीच्या दोन नऊवारी लुगड्यांची गोधडी मी गेल्या वर्षी स्वतः शिवली. आत तीन थर आणि वर-खाली एकेक, असे पाच थर आहेत. खालचे लुगडे चारी बाजूंनी अर्धा इंच वर दुमडून त्यावर मशीनची टीप मारली होती. दोनदा वॉशिंग मशीनमध्ये धुतल्यानंतर दुमडीच्या रेषेवर कापड चिरले आहे आणि आतल्या थरांच्या दशा बाहेर येत आहेत. टीप मात्र जशीच्या तशी आहे. चूक कुठे झाली? (एक वाचक, सातारा)

उत्तर : टीप शाबूत आणि कापड चिरलेले, या एका वाक्यात तुम्ही निदान करूनच पाठवले आहे. तुमच्या गोधडीच्या अगदी कडेवर, जिथे हात सर्वांत जास्त लागतो, पाय अडकतो आणि धुताना पिळा पडतो, तिथे वीस-पंचवीस वर्षे नेसून विरलेल्या लुगड्याचा एकच पदर आहे, आणि त्या पदराला नव्या कोऱ्या पॉलिएस्टर दोऱ्याने बारीक टीप मारलेली आहे. शिवणीत कधी ना कधी कोणीतरी एकाने हार मानायची असते. ती दोऱ्याने मानावी, कारण तुटलेला दोरा पाच मिनिटांत पुन्हा घालता येतो आणि चिरलेले कापड जोडता येत नाही. जुन्या सुती कापडाला सुती दोराच घालावा, आणि मशीनची टीप एका इंचात आठ ते दहा टाक्यांहून बारीक ठेवू नये. त्याहून बारीक टीप जुन्या कापडात पोस्टाच्या तिकिटांच्या कागदासारखी भोकांची ओळ पाडते आणि कापड त्या ओळीवरून सरळ फाटते.

अस्तर वर दुमडून काठ बांधण्याची ही रीत वाईट नाही. दुपट्याला, टेबलावरच्या कापडाला किंवा पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेल्या पांघरुणाला ती पुरते. रोज अंगावर घेण्याच्या गोधडीला मात्र ती अपुरी पडते, आणि तिचा खरा दोष असा की काठ झिजला म्हणजे अस्तरच झिजलेले असते. ते बदलायचे तर सगळी गोधडी उसवावी लागेल. काठाची पट्टी वेगळी असावी ती याच कारणासाठी. जुन्या बोलीत या पट्टीला मगजी म्हणत, शिंपी गोट म्हणतात. ती शोभेसाठी लावली जाते असा समज आहे, परंतु ती झिजावी आणि गोधडीने झिजू नये, एवढेच तिचे काम आहे. म्हणून पट्टी अशी लावावी की दहा वर्षांनी ती गोधडीला धक्का न लागता काढून टाकता येईल.

आता तुमच्या गोधडीचे काय करायचे ते पाहू. चिरलेली दुमड चारी बाजूंनी कापून टाका. पाऊण इंच गेल्याने गोधडीचे काही अडत नाही. परंतु कात्री लावण्याआधी, जिथे कापायचे आहे त्या रेषेच्या पाव इंच आत, सर्व थरांतून हाताने एक लांब टाक्यांची धावदोऱ्याची ओळ चारी बाजूंनी फिरवून घ्या, नाहीतर कापताक्षणी थर एकमेकांवरून सरकतील आणि आतले लुगडे काठापर्यंत पोचणारच नाही. पट्टी आतून भरलेली असणे फार महत्त्वाचे आहे. पोकळ राहिलेली पट्टी प्रत्येक वापरात एकाच जागी मोडत राहते आणि त्या मोडीवर सर्वांत आधी विरते.

पट्टीसाठी नवे सुती कापड घ्या. मांजरपाट सर्वांत टिकाऊ, पॉपलिन चालेल, आणि रंग हवा असेल तर मॅचिंग सेंटरमध्ये मिळणारे टू बाय टू रुबिया चालेल, कारण त्यात ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) दोन्हीकडे दोन पदरी पिळाचा धागा असतो. साडीचा तयार फॉल वापरावा काय, असे तीन जणींनी विचारले आहे; तो साडीच्या निरीला वजन देण्यासाठी असतो, घासणे सोसण्यासाठी नव्हे, म्हणून वापरू नये. कापड कोणतेही असो, ते रात्रभर पाण्यात भिजवून, खळ पूर्ण निघेपर्यंत धुऊन, वाळवून आणि इस्त्री करूनच कापावे. लुगडे जितके आटायचे तितके केव्हाच आटलेले आहे. कोरी पट्टी मात्र पहिल्या धुण्यात आटते आणि सगळा काठ चुण्या पडून गोळा होतो. हा धडा मी पैसे मोजून शिकले आहे. एका शिंप्याकडून पांढऱ्या धोतराच्या गोधडीला लाल गोट लावून घेतला होता; कापड धुतले आहे असे त्याने सांगितले आणि मी ऐकले. पहिल्याच धुण्यात काठ आटला तो आटलाच, वर गोधडी कडेने गुलाबी झाली. तेव्हापासून गडद रंगाच्या कापडाचा एक कोपरा ओला करून त्यावर पांढरा रुमाल चोळून पाहिल्याशिवाय मी ते गोधडीजवळ आणत नाही.

तुमच्या पाच थरांसाठी पट्टी साडेतीन इंच रुंद कापा. ती लांबीत मधोमध दुमडून इस्त्री केली की पावणेदोन इंचांची दुहेरी पट्टी होते. तिच्या दोन्ही उघड्या कडा गोधडीच्या वरच्या अंगाच्या कडेशी जुळवा, कडेपासून अर्धा इंच आत शिलाई घाला, आणि मग दुमडीची बाजू कडेवरून मागे वळवून, पहिली शिलाई झाकली जाईल अशा बेताने मागच्या अंगाला तुरपून टाका. अशा रीतीने काठावर नव्या कापडाचे दोन पदर येतात, म्हणजे वरचा विरला तरी खालचा काही वर्षे गोधडी सांभाळतो. मागची तुरपाई हातानेच करावी, आणि दर वितीवर एक उलटा टाका घेऊन दोरा अडकवावा, म्हणजे एका जागी दोरा तुटला तरी उसवण पुढच्या वितीपलीकडे जाणार नाही.

एक गोष्ट मोजमापाची. पट्टीची लांबी गोधडीच्या काठावरून मोजू नये, मधोमध मोजावी. हाताळून हाताळून काठ ताणला गेलेला असतो. त्या मापाची पट्टी लावली तर ताणलेला काठ तसाच कायम होतो आणि गोधडी अंथरली की कडेला लाटा दिसतात. मधल्या मापाची पट्टी लावून काठ तिच्यात हलक्या हाताने सामावून घेतला, तर गोधडी सपाट बसते.

प्रश्न : आमचे शिंपी म्हणतात की गोट नेहमी उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरपाच, कापावा. आई म्हणते की तिने आयुष्यभर सरळ पट्ट्या लावल्या आणि त्या टिकल्या. उरेब कापण्यात कापडही फार वाया जाते. कोणाचे ऐकावे? साडेसात फूट लांब आणि पाच फूट रुंद गोधडीला कापड किती लागेल, तेही सांगावे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोघांचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे, आणि दोघे वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत आहेत. सरळ कापलेली पट्टी दुमडली की दुमडीच्या नेमक्या टोकावर एकच धागा काठभर पळत असतो. तो आणि त्याच्या शेजारचे दोन-चार धागे घासले गेले की पट्टी त्या रेषेवर लांबच्या लांब उघडते. उरेब पट्टीत दुमडीवरून शेकडो धागे तिरके ओलांडून जातात, म्हणून एखादा धागा तुटला तरी भोक तिथेच थांबते. त्याशिवाय उरेब कापड गोलाईवर चुणी न पडता वळते, जे सरळ कापडाला जमत नाही. शिंपी ब्लाउजच्या गळ्याला आणि मुंढ्याला रोज पट्ट्या लावत असल्याने त्यांना उरेबशिवाय दुसरे सुचत नाही, हेही खरे.

याउलट उरेब पट्टी लावताना ताणली जाते, आणि नवशिक्या हाताने लावलेल्या उरेब काठाला हमखास पीळ पडतो. सरळ पट्टी, त्यातही ताण्याच्या दिशेने कापलेली, मुळीच ताणली जात नाही आणि गोधडीचा काठ धरून ठेवते. तुमच्या आईंच्या पट्ट्या टिकल्या, त्या बहुधा दुहेरी असतील आणि गोधडी नदीवर किंवा दगडावर धुतली जात असली तरी वर्षातून एकदाच, दसरा काढताना, धुतली जात असेल. आज आपण तीच गोधडी महिन्यातून एकदा यंत्रात टाकतो. तेव्हा माझा सल्ला असा : मोठ्यांच्या गोधडीला, कोपरे चौकोनी असतील तर, सरळ दुहेरी पट्टी, लहान मुलांच्या रोज धुतल्या जाणाऱ्या पांघरुणाला, आणि कोपरे गोल असतील तिथे कोणत्याही गोधडीला, उरेब पट्टी.

आता हिशेब. तुमची गोधडी ९० इंच लांब आणि ६० इंच रुंद आहे, म्हणजे चारी बाजू मिळून ३०० इंच. कोपरे आणि शेवटचा जोड यांसाठी १२ इंच धरले तर ३१२ इंच पट्टी लागेल. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून आडवी कापलेली एक पट्टी, दोन्हीकडचे काठ आणि तिरपा जोड वजा जाता, सुमारे ३९ इंच उपयोगी पडते. अशा आठ पट्ट्या, प्रत्येकी साडेतीन इंच रुंद, म्हणजे २८ इंच कापड झाले. पाऊण मीटरमध्ये हे जेमतेम बसते, पण आटण्यासाठी काही हाती राहत नाही, म्हणून एक मीटर घ्यावे. उरेबचा हिशेब क्षेत्रफळाने करावा : ३१२ गुणिले साडेतीन म्हणजे १०९२ चौरस इंच, आणि हे क्षेत्रफळ जवळजवळ ३३ इंचांच्या चौकोनाएवढे होते. जोडांसाठी ३६ इंचांचा चौकोन धरला तरी तोही एका मीटरमधून निघतो. उरेबला दुप्पट कापड लागते हा समज एवढ्याशा गुणाकाराने दूर होतो, तरी तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पट्ट्या जोडताना मात्र जोड नेहमी तिरका घ्यावा, कारण सरळ जोडात सगळ्या शिवणींची जाडी एकाच जागी येते आणि काठावर जो उंचवटा तयार होतो, तोच आधी घासला जातो.

प्रश्न : माझ्याकडे इरकली साड्यांचे सुंदर काठ पडून आहेत. तेच गोधडीला चारी बाजूंनी लावले तर वेगळी पट्टी विकत घ्यावी लागणार नाही. काठ घट्ट विणीचा असल्याने टिकेलही. बरोबर ना? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : घट्ट विणीचा असतो हे बरोबर, टिकेल हे मात्र काठ कशाचा आहे यावर अवलंबून आहे. इरकलीचे अंग सुती आणि काठ आर्ट सिल्कचा, म्हणजे रेयॉनचा, हे फार आढळते. सुती धागा ओला झाला की अधिक बळकट होतो; रेयॉनचे उलट असते, ओला रेयॉन आपली बरीचशी ताकद गमावून बसतो. गोधडी ओली असते तेव्हाच तिच्या काठावर सर्वांत जास्त ताण येतो, कारण पाणी प्यालेली गोधडी उचलताना आपण तिला काठानेच धरतो. कोरडेपणी वर्षानुवर्षे झळाळणारा काठ धुण्याच्या दिवशी का फाटतो, त्याचे कारण हे.

घरच्या घरी परीक्षा करता येते. जाळून पाहण्याचा उपयोग नाही, कारण सूत आणि रेयॉन दोन्ही जळताना जळक्या कागदाचाच वास येतो. काठातून वीतभर धागा ओढून काढावा, मधोमध पाण्याचे बोट लावावे आणि दोन्ही टोके हळूहळू ओढावीत. धागा ओल्या जागीच पटकन तुटला तर तो रेयॉन आहे. जरीचा काठ असेल तर परीक्षेचीही गरज नाही. तो तोंडाशी टोचतो, आणि जरीचा पिळा उलगडू लागला की आवरत नाही.

इतके सुंदर काठ वाया घालवा असे मी म्हणणार नाही. ते गोधडीच्या वरच्या अंगावर, कडेपासून दीड-दोन इंच आत, चौकट म्हणून बसवावेत, आणि अगदी कडेला साध्या मांजरपाटाची पट्टी लावावी. जुन्या गोधड्यांमध्ये काठाच्या अशा एकात एक दोन-तीन चौकटी पाहायला मिळतात.

प्रश्न : गोधडी जाड असल्याने काठाला मशीनची सुई मोडते. काय करावे? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : १८ नंबरची सुई लावून, दाबपट्टीच्या (कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या) वरचा स्क्रू सैल करून आणि चाक हाताने फिरवत पाहावे. तरीही मोडत असेल तर हट्ट सोडावा. आठ-दहा थरांची वाकळ हाताने शिवण्यासाठीच असते. मोठी सुई, दोन पदरी सुती दोरा आणि बोटात अंगुस्तान एवढ्या साहित्यावर चारी काठ तीन-चार दुपारींत होतात, आणि वरचा थर पुढे सरकून काठाला लाट येण्याचा मशीनचा दोषही त्यात येत नाही.

प्रश्न : नातीसाठी कापसाची पातळ गादी आत घालून दुलई केली. दोन्ही कापडे उलटी जोडून, एक बाजू उघडी ठेवून, उशीच्या अभ्र्यासारखी उलटवली आणि उघडी बाजू बंद केली. दिसायला छान झाली, पण धुतल्यावर काठ गुंडाळला जातो आणि कोपऱ्यांत गोळे होतात. (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : उलटवून केलेल्या दुलईत शिवण अगदी काठावर येते, परंतु कापूस त्या शिवणीत अडकलेला नसेल तर तो आत मोकळा राहतो आणि ओला झाल्यावर कोपऱ्यांकडे जातो. आता उसवू नका. दुलई सपाट अंथरून गोळे बोटांनी बाहेरून पसरवा, आणि काठापासून अर्धा इंच आत एक आणि त्याच्या आत दोन इंचांवर दुसरी, अशा धावदोऱ्याच्या दोन ओळी चारी बाजूंनी घाला. मग मधल्या भागातही चार-चार बोटांच्या अंतराने ओळी घाला. पुढच्या वेळी कोपरे वाटी ठेवून गोल आखा आणि उरेब पट्टी लावा. बाळाच्या पांघरुणाला टोकदार कोपरा नसलेलाच बरा, कारण कोपरा दिसला की तो तोंडात जातो आणि दिवसाआड धुवावा लागतो.

प्रश्न : आमच्या भागात सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या) स्त्रिया जी कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात, तिच्या चारी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्या लावलेल्या असतात. त्यांचा उपयोग काय? (एक वाचक, हल्याळ)

उत्तर : त्यांना फुले म्हणतात, आणि फुलांवाचून कवंदी अपुरी मानली जाते, हे तुम्हाला माझ्याहून अधिक ठाऊक असणार. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागांतल्या या स्त्रिया कवंदीची सुरुवातच काठापासून करतात. जुन्या साडीवर कडेने दुमडलेले तुकडे बसवत, गोल फिरत त्या मध्याकडे जातात. म्हणजे जे काम आपण थकल्यावर करतो, ते त्या ताज्या हाताने करतात. कोपऱ्यावरच्या घड्यांमुळे जी जागा सर्वांत जास्त ओढली जाते तिथे कापडाचे कितीतरी पदर येतात. त्यांच्या रिवाजाचे कारण एवढेच आहे असे मी म्हणणार नाही. शिवणाऱ्याच्या नजरेला मात्र तो कोपरा पक्का दिसतो.

प्रश्न : आईने शिवलेली वाकळ आहे. आई आता नाही. तोंडाकडचा काठ पूर्ण विरला आहे, बाकी तीन बाजू बऱ्या आहेत. तिचे टाके कापून टाकण्याचे धाडस होत नाही, आणि तशीच ठेवली तर ती अजून फाटेल. (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : टाके कापण्याची गरज नाही. तोंडाकडची बाजू नेहमीच आधी जाते, कारण तिथे घाम आणि तेल लागते, पुरुषांच्या दाढीचे खुंट घासतात आणि अंगावर ओढून घेताना मुठीही तिथेच आवळल्या जातात. जुना काठ आहे तसाच आत राहू द्या आणि त्यावरून नवी पट्टी घाला. त्यासाठी धुऊन मऊ केलेल्या सुती कापडाची पट्टी सहा इंच रुंद घ्या. दोन्ही लांब कडा अर्धा अर्धा इंच आत दुमडून इस्त्री करा, मधोमध दुमडा, आणि विरलेला काठ तिच्या पोटात घेऊन अडीच इंच वर आणि अडीच इंच खाली अशी बसवा. तुरपाई विरलेल्या भागावर येता कामा नये. धड कापड जिथे सुरू होते तिथे, आईच्या धावदोऱ्याच्या दोन ओळींच्या मधल्या जागेत ती घालावी, म्हणजे सुई तिच्या टाक्यांना लागणार नाही. मशीन मुळीच वापरू नका.

बाकीच्या तीन बाजूंना आज पट्टी लावू नका. त्या बऱ्या आहेत तोवर बऱ्या आहेत. पांघरताना ही पट्टी नेहमी तोंडाकडे येईल असे पाहा, धुतल्यावर वाकळ एका दोरीवर काठाने टांगू नका, दोन दोऱ्यांवर मधोमध आडवी पसरा. आणि पट्टी तुरपताना दोरा आईच्या दोऱ्याहून वेगळ्या रंगाचा घ्या. आठ-दहा वर्षांनी ही पट्टीही विरेल, तेव्हा ती काढणाऱ्या हाताला कुठला दोरा कापायचा आणि कुठला राहू द्यायचा, हे विचारावे लागणार नाही.